आजोबांच्या गिटारवर ‘१८३३’ असे लिहिले आहे. मार्टिनची जुनी गिटार ओळखावी कशी?

रेल्वे लाइन्सचा नातू यांचा प्रश्न

सर्व सदस्यांना नमस्कार.

माझे आजोबा रेल्वेत गार्ड होते आणि त्यांची बहुतेक नोकरी सोलापूर–वाडी मार्गावर गेली. त्यांच्या शेजारच्या क्वार्टरमध्ये एक अँग्लो-इंडियन ड्रायव्हर राहत असत. साठच्या दशकात ते कुटुंबासह कायमचे ऑस्ट्रेलियाला निघाले, तेव्हा निरोप घेताना त्यांनी आपली गिटार आजोबांच्या हाती दिली. आमच्या घरात ती वाजवणारे कोणीही नव्हते. आजी तिला शेवटपर्यंत ‘सायबाची सतार’ म्हणत असे, आणि खंडेनवमीला शिलाई मशीन व आजोबांचा गार्डाचा कंदील यांच्या शेजारी तिलाही हळदकुंकू लागत असे. एरवी ती गोधडीत गुंडाळून माळ्यावर ठेवलेली असे.

यंदा दिवाळीच्या साफसफाईत ती खाली काढली. खुंट्यांच्या फळीवर सोनेरी अक्षरांत ‘सी. एफ. मार्टिन अँड कंपनी, एस्ट. १८३३’ असे लिहिलेले आहे. माझ्या चुलतभावाने त्यावरून गिटार जवळपास दोनशे वर्षांची असल्याचे जाहीर केले आणि संध्याकाळपर्यंत घरच्या ग्रुपवर तिची किंमत कोटीपर्यंत जाऊन पोहोचली. दुसऱ्या दिवशी मी ती शहरातल्या एका वाद्यदुरुस्तीच्या दुकानात नेली. तेथील कारागिराने दांडी वाकली आहे हे लगेच दाखवले, पण दांडी सरळ ठेवणारा आतला लोखंडी रॉड आवळण्याचा नट त्याला ना खुंट्यांकडे सापडला, ना पोटातल्या भोकातून. “रॉडच नाही, म्हणजे माल नकली आहे, घासून मेलामाइन पॉलिश मारून देतो, नव्यासारखी दिसेल,” असे तो म्हणाला. मला ते पटले नाही, म्हणून ती तशीच परत आणली.

माझ्या मनात मात्र त्याच्या बोलण्याने शंका शिरली आहे. इंटरनेटवर मार्टिनच्या ज्या गिटारी दिसतात त्यांचा दर्शनी भाग फिकट, जवळजवळ गव्हाळ रंगाचा असतो. आमची तर पुढून, मागून आणि बाजूंनी एकसारखी गडद तपकिरी आहे. कोठेही शिंपल्याची नक्षी नाही. ही गिटार खरी आहे का, कोणत्या सालची आणि कोणत्या मॉडेलची आहे, आणि दुरुस्त करायची तर काय करावे व काय करू नये, हे कोणी जाणकार सांगू शकतील का?


भीमाकाठ यांचा प्रतिसाद

सर्वांत आधी एक विनंती करतो: ते पॉलिश कोणत्याही परिस्थितीत करू देऊ नका. जुन्या वाद्यावरचा मूळ लॅकरचा थर घासून काढला की तो परत येत नाही, आणि संग्राहकाच्या लेखी वाद्याचे निम्मे मोल त्याच थरात असते.

१८३३ हे साल कंपनीच्या स्थापनेचे आहे, गिटारच्या जन्माचे नव्हे. मिठाईच्या दुकानाच्या पाटीवर ‘स्थापना १९२७’ लिहिलेले असते म्हणून आतले पेढे १९२७ सालचे ठरत नाहीत, तसाच हा प्रकार आहे. उलट हे सोनेरी अक्षरांचे लेबलच सांगते की आपली गिटार १९३० च्या दशकाच्या आधीची असू शकत नाही, कारण त्यापूर्वी मार्टिनच्या गिटारींवर असे लेबल नसे. नाव लाकडात शिक्क्याने ठोकलेले असे.

रॉड नाही म्हणून गिटार नकली, हा निष्कर्ष तर पूर्ण उलटा आहे. गिब्सन कंपनीने आवळता येणारा रॉड १९२० च्या दशकात आणला आणि पुढे तो जवळजवळ सर्वांनी उचलला. मार्टिनने मात्र १९८५ पर्यंत तो बसवला नाही. त्यामुळे जुन्या मार्टिनमध्ये असा नट सापडला असता तरच मला शंका आली असती.

आता आपण चार गोष्टी पाहून येथे लिहा. मोबाइलचा टॉर्च आणि दाढीचा छोटा आरसा घेऊन भोकातून दांडीच्या दिशेने पाहा. दांडी जेथे पेटीला मिळते तेथे आत एक लाकडी ठोकळा असतो आणि त्यावर आकडे ठोकलेले असतात. शिंप्याच्या टेपने पेटीची सर्वांत रुंद जागा मोजा. पेटी सुरू होण्याआधी दांडीवर किती पडदे, म्हणजे धातूच्या आडव्या कांड्या, आहेत ते मोजा. आणि तारा बाजूला सारून दांडीवर, दोन पडद्यांच्या मधल्या लाकडी बोटपट्टीवर, चुंबक लावून पाहा. चुंबक कशासाठी ते उत्तर आल्यावर सांगतो.


सहावी तार यांचा प्रतिसाद

भीमाकाठ यांनी मागवलेली माहिती येईपर्यंत मी या घराण्याचा इतिहास थोडक्यात लिहितो, म्हणजे ठोकळ्यावरचे आकडे सापडल्यावर ते वाचता येतील. ‘थोडक्यात’ हा शब्द मला फारसा पाळता येत नाही, हे जुन्या सदस्यांना ठाऊक आहेच.

ख्रिश्चन फ्रेडरिक मार्टिन यांचा जन्म १७९६ साली सॅक्सनीतल्या मार्कनॉयकिर्शन या गावी झाला. वाद्ये घडवणाऱ्या कारागिरांचे हे गाव, आपल्याकडचे मिरज म्हणावे असे. तरुणपणी ते व्हिएन्नाला योहान स्टाउफर या नामांकित गिटारकाराकडे शिकले आणि गावी परतले, तेव्हा त्यांच्यापुढे एक विचित्र भांडण उभे होते. व्हायोलिन करणाऱ्यांच्या संघाचे म्हणणे होते की गिटार हे वाद्य असल्याने ते घडवण्याचा हक्क फक्त आमचा आहे. मार्टिन घराणे तर कपाटे-मेजे करणाऱ्या सुतारांच्या संघातले होते. बलुत्याच्या हक्कावरून पिढ्यान्‌पिढ्या चाललेले तंटे ज्या प्रदेशाने पाहिले आहेत, त्याला हे वेगळे समजावून सांगायला नको. या कटकटीला कंटाळून मार्टिन १८३३ साली न्यूयॉर्कला गेले, तेथे हडसन स्ट्रीटवर त्यांनी दुकान मांडले, आणि त्या दशकाच्या अखेरीस ते पेनसिल्व्हेनियातल्या नाझरेथ या गावी स्थिरावले. कारखाना आजही त्याच गावात आहे. गंमत अशी की नाझरेथला गेल्यानंतरही, १८९८ पर्यंत, गिटारींवर शिक्का ‘न्यूयॉर्क’चाच बसत असे.

सुरुवातीच्या गिटारी स्टाउफरच्या वळणाच्या होत्या. सहाही खुंट्या एकाच बाजूला आणि टोक गुंडाळलेल्या पानासारखे. पण ज्या गोष्टीने मार्टिनचे नाव टिकले ती बाहेरून दिसतच नाही. गिटारच्या दर्शनी फळीला, जिला सतारीच्या भाषेत आपण तबली म्हणू, आतून आधाराच्या पट्ट्या चिकटवलेल्या असतात. पूर्वी त्या आडव्या किंवा पंख्यासारख्या असत. १८४० च्या दशकात मार्टिनच्या गिटारींत त्या फुलीसारख्या, एकमेकींना छेदणाऱ्या दिसू लागल्या. त्या काळी तारा आतड्याच्या होत्या आणि त्यांचा ताण मामुली होता. पुढे पोलादी तारा आल्यावर मात्र फुलीची ही रचनाच तो ताण पेलू शकते, हे सगळ्या जगाला कळले. नव्या पोलादी तारांच्या संचाचा एकूण ताण ७० किलोच्या आसपास असतो, म्हणजे एक धडधाकट माणूस त्या पातळ फळीवर अखंड लोंबकळत आहे असे समजा.

आता मॉडेलच्या नावाकडे येतो, कारण सगळा घोटाळा तेथेच होतो. मार्टिनच्या नावात दोन भाग असतात. पहिला आकार सांगतो आणि दुसरा घडण. आकारांचे आकडे उलटे चालतात: ३ पेक्षा २ मोठी, २ पेक्षा १ मोठी. गिऱ्हाइकांना त्याहून मोठी गिटार हवी झाली तेव्हा आकडे संपले होते, म्हणून १८५० च्या दशकात ० आली, १८७० च्या दशकात ०० आली आणि १९०२ साली ०००. दुसरा भाग, म्हणजे १७, १८, २८, ४५ वगैरे, लाकूड आणि सजावट दाखवतो. विसाव्या शतकात १८ म्हणजे महोगनीची पेटी, २८ म्हणजे शिसवी पेटी आणि ४५ म्हणजे शिसवीवर कडेने शिंपल्याची झळाळती नक्षी, असा हिशेब बसला. १७ सर्वांत साधी. प्रश्नकर्त्यांनी रंगाबद्दल जी शंका काढली आहे तिचे उत्तर बहुधा येथेच मिळेल, कारण १९२२ पासून १७ क्रमांकाच्या गिटारीची तबलीसुद्धा फिकट स्प्रूस लाकडाची नसून महोगनीची असे. त्याच साली २-१७ हे मॉडेल नेहमीसाठी पोलादी तारांचे म्हणून बाजारात आले, आणि दशक संपेपर्यंत बहुतेक गिटारी पोलादी तारांवर गेल्या.

त्यामागे हवाई बेटांच्या संगीताची लाट होती. १९१५ साली सॅन फ्रान्सिस्कोत भरलेल्या मोठ्या प्रदर्शनानंतर अमेरिकेत युकुलेले आणि हवाइयन गिटार यांचे वेड पसरले. मार्टिनने १९१६ पासून युकुलेले मोठ्या प्रमाणावर केले आणि त्याच वर्षी डिटसन या विक्रेत्यासाठी एक अवाढव्य पेटीची गिटार घडवली, जिला ब्रिटिश नौदलाच्या युद्धनौकेवरून ‘ड्रेडनॉट’ हे नाव पडले. स्वतःच्या नावाने हा आकार मार्टिनने १९३१ साली विकायला काढला. डी-१८ आणि डी-२८ मधला ‘डी’ तो हाच. आज जगातल्या बहुतेक कारखान्यांतून, कोलकात्यातूनसुद्धा, जी गिटार बाहेर पडते तिची पेटी या ड्रेडनॉटचीच नक्कल असते.

१९२९ साली आणखी एक बदल झाला. पेरी बेक्टल नावाच्या बँजोवादकाला पेटीच्या बाहेर जास्त पडदे हवे होते, कारण बँजोच्या लांब दांडीची त्याच्या बोटांना सवय होती. त्याच्यासाठी बाराऐवजी चौदा पडदे पेटीबाहेर असलेली ओएम ही गिटार निघाली, आणि पाच-सहा वर्षांत बहुतेक सगळी मॉडेले चौदा पडद्यांची झाली. १९३३ साली जीन ऑट्री या गायक-नटासाठी पहिली डी-४५ झाली. १९४२ पर्यंत अशा अवघ्या ९१ गिटारी घडल्या. चुलतभावाच्या कोटीच्या गप्पा या ९१ गिटारींविषयी असतील तर त्या खोट्या नाहीत.

लाकडाविषयी एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. मार्टिनची जुनी शिसवी ब्राझीलची. साठच्या दशकात तिचे रुंद तक्ते मिळेनासे झाले, म्हणून १९६५ साली डी-३५ या मॉडेलची पाठ दोनऐवजी तीन तुकडे जोडून केली गेली. अडचणीतून निघालेली ही युक्ती पुढे त्या मॉडेलची ओळखच झाली. नंतर ब्राझीलने ओंडके परदेशी पाठवण्यावर बंधने आणली आणि १९६९ पासून नाझरेथच्या कारखान्यात भारतीय शिसवी लाकूड आले. आपल्या जुन्या वाड्यांतले झोपाळे आणि देव्हारे ज्या शिसवीचे असतात, तीच ही जात. अमेरिकेतले जुन्या वळणाचे लोक १९६९ नंतरच्या गिटारींना अजूनही नाक मुरडतात. मी दोन्ही प्रकारच्या गिटारी एकदा एकाच बैठकीत ऐकल्या आहेत, आणि डोळे मिटून त्यांतला फरक ओळखू शकलो नाही हे कबूल करतो.


होटगी रोड यांचा प्रतिसाद

इतिहास उत्तम आहे, परंतु प्रश्नकर्त्यांनी व्यवहारही पाहावा. घरात वाजवणारे कोणी नसेल तर परदेशातल्या एखाद्या संग्राहकाला विकून टाकणे शहाणपणाचे ठरेल. माळ्यावर ठेवून उंदरांचीच सोय होते.


रेल्वे लाइन्सचा नातू

सर्वांचे मनापासून आभार. काल रात्री घरातले सगळे झोपल्यावर टेबलावर चादर अंथरून मी आपण सांगितलेल्या चारही गोष्टी पाहिल्या.

ठोकळ्यावर दोन ओळी ठोकलेल्या आहेत. वरच्या ओळीत ‘००-१७’ असे स्पष्ट वाचता येते. खालच्या ओळीत पाच आकडी क्रमांक आहे. तो पूर्ण लिहीत नाही, पण ८५ हजारांच्या पुढचा आणि ८६ हजारांच्या अलीकडचा आहे. पेटीची सर्वांत रुंद जागा ३६ सेंटिमीटरपेक्षा किंचित जास्त भरली. पेटीबाहेर चौदा पडदे आहेत.

चुंबकाने मात्र माझी फजिती केली. फ्रिजवरचे तुळजापूरहून आणलेले चुंबक लावले तर ते चटकन चिकटले, आणि मी खूश झालो. नंतर पाहतो तर ते उरलेल्या तीन तारांपैकी एकीला चिकटले होते. त्या तिन्ही तारा सैल करून बाजूला घेतल्या आणि पट्टीवर पहिल्या पडद्यापासून चौदाव्यापर्यंत चुंबक फिरवले, तर ते कोठेही धरत नाही, सरळ घसरून पडते. म्हणजे आत लोखंड अजिबात नाही. हे चांगले लक्षण की वाईट?


भीमाकाठ

फार चांगले लक्षण आहे, आणि आपल्या गिटारचे साल सांगणारा दुसरा साक्षीदारही तोच आहे.

पहिला साक्षीदार क्रमांक. मार्टिनने १८९८ साली ८००० पासून क्रमांक घालायला सुरुवात केली आणि तेव्हापासून तो क्रम एकाच ओळीत चालत आला आहे, त्यामुळे प्रत्येक वर्षाचा शेवटचा क्रमांक ठाऊक असला की साल काढणे म्हणजे रेल्वेच्या वेळापत्रकात स्टेशन शोधण्याइतके सोपे होते. १९४२ साल ८३१०७ या क्रमांकावर संपले आणि १९४३ साल ८६७२४ वर. आपला क्रमांक या दोहोंच्या मध्ये पडतो, म्हणून गिटार १९४३ सालची आहे. मॉडेलचे नाव क्रमांकाच्या वर ठोकण्याची पद्धत १९३० च्या अखेरीस सुरू झाली, तेव्हा तेही जुळते. ३६ सेंटिमीटरची रुंदी ०० आकाराचीच आहे.

आता चुंबक. मार्टिनने १९३४ पासून दांडीच्या पोटात, बोटपट्टीच्या खाली, इंग्रजी टी अक्षराच्या आकाराची पोलादी पट्टी बसवायला सुरुवात केली. ती आवळता येत नसे. निव्वळ आधारासाठी होती. पडदे निकेल-सिल्व्हर नावाच्या मिश्रधातूचे असतात आणि त्यांना चुंबक धरत नाही, म्हणून बोटपट्टीवर चुंबक ओढले गेले तर खाली पोलाद आहे असे समजते. दुसऱ्या महायुद्धात पोलाद रणगाड्यांकडे आणि जहाजांकडे वळले, आणि १९४२ ते १९४५ या काळात मार्टिनने पोलादाच्या जागी आबनूस या काळ्या कठीण लाकडाची पट्टी घातली. आपल्या जिल्ह्यात ज्या झाडाच्या नावाचे गाव आहे ते टेंभुर्णीचे झाड याच आबनूसाच्या कुळातले. क्रमांक युद्धकाळातला आणि चुंबक धरत नाही, या दोन गोष्टी एकमेकींना दुजोरा देतात. नकली गिटार करणारा माणूस लेबल चिकटवेल, क्रमांकही ठोकेल, पण दांडीच्या पोटातले पोलाद काढून आबनूस घालण्याइतका अभ्यास तो करणार नाही.

दुकानातल्या कारागिराला जे ‘नाही’ म्हणून खटकले, तेच या गिटारचे जन्मसाल सांगणारे चिन्ह ठरले. त्याचा दोष म्हणत नाही. आपल्याकडे दुरुस्तीला येणाऱ्या शंभर गिटारींत अशी एकही नसते.

आणखी एक भाग्याची गोष्ट अशी की १९४४ च्या अखेरपर्यंत मार्टिन तबलीखालच्या पट्ट्या मधोमध कोरून हलक्या करत असे. लोक जाड तारा चढवू लागले, तबल्या फुगून गिटारी दुरुस्तीला परत येऊ लागल्या, म्हणून कंपनीने हे कोरणे बंद केले. आपली गिटार त्याआधीची आहे, त्यामुळे तिच्या आत हात घालून पट्टी चाचपली तर ती दोन डोंगरांमधल्या खिंडीसारखी लागेल. आवाजात जो मोकळेपणा येतो त्याचे श्रेय जुने वाजवणारे या खिंडीला देतात.

होटगी रोड यांच्या सूचनेबद्दल इतकेच की ००-१७ ही काही डी-४५ नाही. ही त्या काळी सामान्य माणसाने पगारातून घ्यावी अशी गिटार होती आणि आजही तिची किंमत त्याच कंपनीच्या शिसवी गिटारींच्या मानाने बरीच खाली असते. शिवाय तिची बोटपट्टी आणि घोडी, म्हणजे तबलीवर तारा टेकतात तो ठोकळा, शिसवीची आहे, आणि त्या काळातली मार्टिनची शिसवी ब्राझीलची असे. ते लाकूड १९९२ पासून, धोक्यात आलेल्या प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावर बंधने घालणाऱ्या साइट्स या आंतरराष्ट्रीय कराराच्या पहिल्या परिशिष्टात आहे, त्यामुळे परवान्याशिवाय ती देशाबाहेर पाठवता येणार नाही. कुरियरवाल्याकडे नेऊन दिली आणि पैसे खात्यात आले, असा हा सौदा नाही.


घोडी आणि जवारी यांचा प्रतिसाद

मी मिरजेचा, आमच्या घरात तीन पिढ्या सतारी आणि तंबोरे होतात, आणि गेली काही वर्षे मी गिटारीही दुरुस्त करतो. आमचे भोपळे तुमच्याच जिल्ह्यातून, पंढरपूरकडच्या भीमाकाठावरून येतात, म्हणून सोलापूरच्या हवेचा मला थोडा अंदाज आहे.

पहिली गोष्ट, ती गिटार पुन्हा माळ्यावर चढवू नका. एप्रिल-मेमध्ये सोलापुरात पारा चाळीसच्या वर जातो आणि हवा पापडासारखी कोरडी होते. वरच्या मजल्यावरच्या पत्र्याखाली तर काय होत असेल याची कल्पना करा. लाकूड आक्रसते, आणि ते तंतूंच्या आडव्या दिशेने आक्रसत असल्याने तबलीला उभा तडा जातो. तारांच्या बाजूला जो कासवाच्या पाठीसारख्या रंगाचा सेल्युलॉइडचा, म्हणजे जुन्या प्लास्टिकचा, तुकडा आहे, तो स्वतः आणखी वेगाने आक्रसतो आणि आपल्याबरोबर खालच्या लाकडाला ओढतो. जुन्या मार्टिनमध्ये त्या तुकड्याच्या कडेलाच तडा दिसण्याचे कारण हे आहे. आपल्या गिटारला तसा तडा आहे का, हे तिरप्या उजेडात पाहा. असला तरी घाबरू नका. आतून छोट्या लाकडी टिकल्या लावून तो थांबवता येतो. उन्हाळ्यात साबणाच्या भोके पाडलेल्या डबीत ओला स्पंज घालून ती डबी गिटारच्या पेटीत ठेवावी. आर्द्रता ४५ ते ५५ टक्क्यांच्या दरम्यान राहिली की लाकूड शांत असते.

दुसरी गोष्ट गोंदाची. ही गिटार जनावरांच्या कातड्यापासून केलेल्या सरसाने जोडलेली आहे. सरस वाफेने आणि उष्णतेने सुटतो, आणि म्हणूनच आमच्यासारख्यांचे काम चालते. ऐंशी वर्षांनीसुद्धा दांडीचा सांधा न मोडता उघडता येतो. कोणी त्यात सुतारकामाचा पांढरा गोंद ओतला की पुढच्या कारागिराला करवतच हाती घ्यावी लागते. घोडी मागून उचलली गेली असेल तर तिच्याखाली कागदाचा कपटा सरकतो का ते पाहा आणि सरकत असेल तर लगेच सगळ्या तारा उतरवा.

तिसरी, वाकलेल्या दांडीची. यात रॉड नाही म्हणून उपाय नाही असे नव्हे. आबनूसाच्या पट्टीच्या दांड्या पोलादापेक्षा थोड्या लवकर वाकतात, हे खरे आहे. जुने पडदे काढून, ज्यांचे बूड किंचित जाड आहे असे नवे पडदे त्याच खाचांत ठोकले की प्रत्येक पडदा पाचरीसारखे काम करतो आणि दांडी मागे रेटली जाते. किती जाडीचे बूड कोणत्या खाचेत, हा हाताचा अंदाज आहे. बाराव्या पडद्यावर तार किती उंच आहे ते मोजून कळवा. अडीच-तीन मिलिमीटर असेल तर काही करायला नको. पाचाच्या पुढे गेली असेल तर दांडी उतरवून तिचा कोन बदलावा लागेल, आणि ते काम घाईने करण्याचे नाही.

तारा चढवाल तेव्हा सर्वांत हलक्या जातीच्या चढवा. खिंडीसारख्या पट्ट्यांची तबली आहे, तिच्यावर जाड तारांचा भार नको.


सहावी तार

घोडी आणि जवारी यांच्या प्रतिसादात एकच भर घालतो. मूळ खुंट्या काढून चकचकीत नव्या बसवण्याचा मोह होईल. दुकानातही तसाच आग्रह होईल. त्या फिरत असतील तर तेलाचा एक थेंब पुरे. आणि बदलाव्याच लागल्या, तर जुन्या खुंट्या स्क्रूसह एका पिशवीत घालून गिटारबरोबरच ठेवा.


रेल्वे लाइन्सचा नातू

आपण सर्वांनी इतका वेळ दिलात, त्याबद्दल ऋणी आहे. चुलतभावाला १९४३ हे साल सांगितले तेव्हा त्याचा चेहरा पडला, पण युद्ध, पोलाद आणि आबनूस ही हकिगत ऐकून आता तोच ती घरी येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला सांगत आहे. फ्रिजवरचे चुंबकही त्यानेच स्वतःच्या खिशात ठेवले आहे.

गिटार आता खालच्या आतल्या खोलीत, भिंतीपासून दूर ठेवली आहे. तिन्ही तारा उतरवल्या. बाराव्या पडद्यावर, तारा होत्या तेव्हा, पट्टीने मोजलेली उंची साडेपाच मिलिमीटर होती. सेल्युलॉइडच्या कडेला बोटभर लांबीचा तडा आहे आणि घोडीच्या मागे कागद दोन-तीन मिलिमीटर सरकतो. यावरून दांडी उतरवावीच लागेल असे दिसते, तेव्हा पुढच्या महिन्यात मी स्वतः ती मिरजेला घेऊन येईन. गाडीत ती मांडीवरच ठेवणार आहे.

एक बारीक प्रश्न राहिला. घोडीच्या उजव्या टोकाला, लाकडाच्या रेघांत, पिवळसर तांबूस डाग मुरलेला आहे. तो खंडेनवमीच्या हळदकुंकवाचा आहे. आजी दर वर्षी नेमके त्याच जागी बोट टेकवत असे. तो पुसावा का?


घोडी आणि जवारी

कोरड्या मऊ फडक्याने धूळ तेवढी झटका. पाणी, स्पिरिट किंवा पॉलिश काहीही लावू नका. घोडी चिकटवण्यासाठी मला ती पूर्ण काढावी लागेल, पण तिचा वरचा पृष्ठभाग मी घासणार नाही, त्यामुळे डाग आहे तसा राहील. येताना सतारीसारखी आडवी न आणता, डब्यात खुंट्या वर येतील अशी उभी धरून आणा.